एक अधिक आठ

इव्हान झामोरानोच्या पाठीवर १८ हा आकडा असायचा आणि त्या एक-आठच्या मध्ये एक बारकंसं अधिकचिन्ह. बेरीज केली की नऊ. चिलीचा हा आघाडीवीर इंटर मिलानमध्ये आधी ९ नंबरचा शर्ट घालत असे. १९९८ मध्ये रॉबेर्तो बाज्जो क्लबात आला, त्याला १० नंबर द्यायचं ठरलं, तोवर १० घालणारा रोनाल्डो ९ वर आला आणि झामोरानोचा नऊ गेला. मग त्यानं अठरा घेतला आणि मध्ये ते चिन्ह चिकटवून घेतलं. फुटबॉलच्या गप्पांमध्ये हा किस्सा गंमत म्हणून सांगितला जातो, ऐकणारे हसतात. मीही हसायचो. हल्ली त्या शर्टाचा फोटो समोर आला की नजर त्या चिन्हावरच अडकते. दुसऱ्यासाठी सरकायचं, पण सरकताना आपण इथं होतो एवढं लिहून ठेवायचं, असं काहीतरी त्यात दिसतं.

नव्या पोरांना रोनाल्डो म्हटलं की पोर्तुगालचा आठवतो. आमच्या कोल्हापुरात, निदान माझ्या वयाच्या लोकांत, नुसतं रोनाल्डो म्हणजे ब्राझीलचाच. दुसऱ्याला ख्रिस्तियानो म्हणायचं. १९९७ च्या उन्हाळ्यात इंटरचे अध्यक्ष मासिमो मोराती यांनी त्याला बार्सिलोनाकडून आणला तेव्हा तो वीस वर्षांचा होता, आणि त्याच्यासाठी मोजलेले ४८ अब्ज लिरा ही तोवरच्या फुटबॉलमधली सगळ्यात मोठी रक्कम होती. मोराती घराणं तेलशुद्धीकरणाच्या धंद्यातलं. वडील आंजेलो मोराती साठच्या दशकातल्या दिग्विजयी इंटरचे अध्यक्ष होते. मुलाला ते दिवस परत आणायचे होते. १९८९ नंतर इटलीची लीग इंटरनं जिंकलेली नव्हती.

पहिल्याच वर्षी लीगमध्ये ३२ सामन्यांत २५ गोल. आणि ६ मे १९९८ ला पॅरिसमध्ये यूएफा कपच्या अंतिम सामन्यात लाझिओवर मारलेला तो तिसरा गोल. पहिला झामोरानोचा, दुसरा झानेत्तीचा, तिसरा याचा. गोलरक्षक मार्केजियानी पुढं आलेला, चेंडू रोनाल्डोच्या पायात. पायात म्हणायचं एवढंच; त्या दोन क्षणांत त्यानं चेंडूला हात... म्हणजे पाय लावलाच नाही. एक पाय चेंडूवरून फिरला, मग दुसरा, कंबर एकीकडं गेली, खांदा भलतीकडं, गोलरक्षक खाली बसला आणि चेंडू सावकाश रिकाम्या जाळीत गेला. माझ्याकडं तो गोल एका जुन्या कॅसेटवर होता. टेप त्या जागी इतकी झिजली होती की पडद्यावर पांढऱ्या रेघा यायच्या आणि त्या रेघांतूनही गोलरक्षक बरोबर त्याच बाजूला पडायचा.

आपण पाय बघतो. सगळा भार गुडघ्यावर असतो. मांडीचे दांडगे स्नायू वरून वाटीला ओढतात, आणि वाटीच्या खालून निघालेली दीड-दोन बोटं रुंद अशी एक पांढरी पट्टी नडगीच्या हाडात रुतलेली असते. भर वेगात पळणारा माणूस एकदम थांबतो, वळतो, पुन्हा सुटतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कितीतरी पट ताण त्या पट्टीवर येतो. तिला रक्ताचा पुरवठा बेताचा. म्हणून दुखावली की भरून यायची तिला मुळीच घाई नसते. आजूबाजूच्या सगळ्यांना असते. पीएसव्ही आइंडहोवनमध्ये असतानाच रोनाल्डोच्या गुडघ्यावर एकदा शस्त्रक्रिया झालेली होती. वेगानं पळणारे पुष्कळ असतात. वेगातच थांबून पुन्हा वेग पकडणारा हा एकटा होता, आणि ते थांबणं तो कुठून उसनं आणत होता हे पुढं कळलं.

२१ नोव्हेंबर १९९९. लेच्चेविरुद्ध इंटर घरच्या मैदानावर ६-० नं जिंकला आणि त्याच सामन्यात रोनाल्डोचा उजवा गुडघा गेला. पॅरिसला जेरार सायाँ या शल्यविशारदांनी ती पट्टी शिवली. पुढच्या वर्षी १२ एप्रिलला, अजून पाच महिने व्हायचे होते, रोमला इटालियन कपच्या अंतिम फेरीचा पहिला सामना होता. प्रतिस्पर्धी पुन्हा लाझिओ. प्रशिक्षक मार्सेलो लिप्पी यांनी त्याला उत्तरार्धात उतरवलं. सहा-सात मिनिटं झाली असतील. पेनल्टी क्षेत्राच्या तोंडाशी तो चेंडू घेऊन निघाला, पॅरिसमध्ये फिरवला होता तसाच पाय चेंडूवरून फिरवायला गेला आणि कुणाचाही धक्का न लागता कोसळला. वाटी जागा सोडून वर सरकली होती. लाझिओचे खेळाडूच हात हलवून डॉक्टरला बोलवू लागले. ते चित्रीकरण मी एकदा पाहिलं. कॅसेट झिजवणारा माणूस मी, पण हे पुन्हा लावलं नाही.

पुन्हा पॅरिस, पुन्हा सायाँ. आणि मिलानमध्ये एक प्रश्न: आता याचं काय करायचं?

फुटबॉलच्या धंद्यात हा प्रश्न कुठं ना कुठं रोज पडतो. खेळाडूसाठी मोजलेली रक्कम क्लबच्या वहीत कराराच्या वर्षांवर वाटून लिहिलेली असते. तो खेळो न खेळो, दर वर्षाचा हप्ता खर्ची पडतो आणि पगार वेगळा. विकावा तर घेणाऱ्याचा डॉक्टर आधी गुडघा बघणार. त्याच एप्रिलमध्ये, रोमच्या घटनेनंतर थोड्याच दिवसांत, पीएसव्हीचा रूड व्हान निस्टलरॉय मँचेस्टर युनायटेडला जायला निघाला होता. तपासणीत गुडघ्याबद्दल शंका आली, व्यवहार थांबला आणि पाठोपाठ सरावात त्याचा अस्थिबंध तुटला. अ‍ॅलेक्स फर्ग्युसन वर्षभर थांबले आणि २००१ मध्ये १.९ कोटी पौंड मोजून त्यालाच घेऊन आले. पुढं त्यानं युनायटेडसाठी १५० गोल केले. पण हे थांबणं सोयीचं होतं. बरं होण्याच्या काळातला पगार दुसरा क्लब देत होता. इतर वाटा आणखी रुक्ष आहेत. जितका खेळेल तितके पैसे, असा करार करता येतो. सारख्या दुखापतींनी बेजार मायकेल ओवेनला युनायटेडनं २००९ मध्ये फुकटात घेतलं ते अशाच धर्तीवर. विमा काढता येतो. देशाकडून खेळताना मोडला तर भरपाई मागता येते. याच ओवेनचा गुडघा २००६ च्या विश्वचषकात स्वीडनविरुद्ध पहिल्याच मिनिटाला गेला, तेव्हा न्यूकॅसलनं ती मागून घेतली होती, आणि २०१२ पासून फिफानं त्यासाठी कायमची योजनाच ठेवली आहे. करार संपायची वाट बघून गुपचूप दार उघडं ठेवता येतं. यातलं काहीही करा, मैदानात शनिवारी-रविवारी अकरा माणसं लागतातच. मला वाटतं, खरी गोष्ट तिथं सुरू होते, आणि ती दुखावलेल्याची नसते.

मोरातींनी दोन्ही केलं. थांबलेही आणि विकतही घेत राहिले. १९९९ मध्येच त्यांनी लाझिओकडून ख्रिस्तियान व्हिएरीला ९० अब्ज लिरा देऊन आणलं होतं, पुन्हा जगातला विक्रम. त्या व्यवहारात दिएगो सिमिओनेला लाझिओला देऊन टाकलं. रोनाल्डो आणि व्हिएरी एकत्र खेळणार, मग इंटरला कोण अडवणार, अशी कल्पना होती. प्रत्यक्षात ते दोघं एकत्र उतरले असे सामने फारच थोडे, कारण एक बरा असे तेव्हा दुसरा पट्टी बांधून बसलेला असे. २००० मध्ये गालातासरायहून हाकान शुकूर आला. कव्हेंट्रीहून विशीतला रॉबी कीन आला, १.३ कोटी पौंडांना, आणि वर्ष संपायच्या आत लीड्सला उसना धाडला गेला. आद्रियानो आला, त्यालाही दुसरीकडं पाठवलं. झामोरानो २००१ च्या सुरुवातीला मेक्सिकोला निघून गेला, अधिकचिन्हासकट. लिप्पी गेले, तार्देल्ली आले, ते गेले, मग हेक्तोर कूपर आले. २०००-०१ च्या संपूर्ण मोसमात रोनाल्डो लीगचा एकही सामना खेळला नाही. त्या रिकाम्या जागेभोवती क्लब फिरत होता. कुणी तिथं बसायला येई आणि जागा आपली नाही हे कळल्यावर उठून जाई.

माझा मामा अशाच एका जागेवर बसून खेळला. काळ ऐंशीच्या दशकातला, मैदान शाहू स्टेडियम, संघ आमच्या पेठेतल्या तालमीचा. आमचा खरा आघाडीवीर दुसराच होता. चेंडू त्याच्या पायात आला की गॅलरीतली माणसं चहाचा कप खाली ठेवायची. त्याचा गुडघा एका मोसमात गेला. आधी हाडवैद्य झाला, तालमीतल्या वस्तादांनी तेल लावून रगडला, मग वर्गणी काढून मिरजेला ऑपरेशन. करार नव्हता, पगार नव्हता, तेव्हा संपवायला काहीच नव्हतं. बाहेरचा माणूस आणायची पद्धतही नव्हती; आता आमच्या संघांतून परगावचेच काय, परदेशी खेळाडूही दिसतात, तेव्हा पेठेचा पोरगा तोच पेठेचा पर्याय. मामा तेव्हा बचावात खेळायचा. त्याला पुढं उभं केलं. त्यानं विचारलं नाही, किती दिवस. म्हणाला, "तो येईस्तोवर मी हाय की."

तो आला, महिनाभर खेळला, पुन्हा गेला, पुन्हा आला. दरवेळी मामा पुढं सरकायचा आणि मागं यायचा. काही गोल त्यानं मारले. साधे, ढकललेले, गर्दीतून पाय घालून. गॅलरीत कुणी कप खाली ठेवला नाही. घरी मात्र आजी त्या दिवशी गोडाचं करायची, आणि मामा म्हणायचा, अगं, ही त्याची जागा आहे, माझं काय कौतुक. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पुढं केबलवर इटालियन लीग दिसायला लागली तेव्हा मामाला रोनाल्डोपेक्षा व्हिएरी आवडायचा. मी कारण विचारलं तर म्हणाला, "त्यो तितं असतो की. बाकीचं नंतर."

व्हिएरीला रोनाल्डोचा जोडीदार म्हणून आणलेलं, आणि बहुतेक वेळ तो एकटाच ओझं वाहत होता. २००१-०२ मध्ये २५ सामन्यांत २२ गोल. त्या आकड्याबद्दल कुणी हळवं होत नाही.

थांबणं हा उदार निर्णय आहे असं आपण सहज म्हणतो. त्याच सान सिरो स्टेडियमवर, कारण मिलान शहराचे दोन्ही क्लब एकाच मैदानावर खेळतात, शेजारच्या एसी मिलाननं आधी असंच थांबून पाहिलं होतं. मार्को व्हान बास्टन शेवटचा सामना खेळला २६ मे १९९३ ला म्युनिकमध्ये, मार्सेविरुद्ध, युरोपच्या अंतिम सामन्यात. वय अठ्ठावीस. त्याचा घोटा गेलेला होता. क्लब दोन वर्षं थांबला, डॉक्टर बदलले, देश बदलले. तो पुढं आपल्या आठवणींत लिहितो त्यावरून दिसतं की रात्री पलंगापासून न्हाणीघरापर्यंत तो रांगत जात होता. ऑगस्ट १९९५ मध्ये त्यानं निवृत्ती जाहीर केली आणि सामन्याआधी साध्या कपड्यांत मैदानाला एक फेरी मारली. फाबियो कापेल्लोंसारखा करडा प्रशिक्षक रडला. त्याच उन्हाळ्यात मिलाननं जॉर्ज वेआला आणलं होतं आणि वर्ष संपताना युरोपातला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. मला ती फेरी आणि वेआचं आगमन एकमेकांपासून वेगळं काढता येत नाही. क्लब रडतो तेव्हाही त्याचा एक हात चेकबुकावर असतो, आणि असायलाच हवा. नाहीतर पुढच्या रविवारी कोण खेळणार?

रोनाल्डो २००१ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा खेळू लागला. थोडा, अधूनमधून. त्या मोसमात लीगचे दहा सामने, सात गोल. ५ मे २००२ ला, शेवटच्या दिवशी, इंटर पहिल्या क्रमांकावर होता. रोममध्ये लाझिओला हरवलं की तेरा वर्षांनी लीग. लाझिओचे प्रेक्षकसुद्धा इंटरच्या बाजूचे, कारण इंटर हरला तर कदाचित रोमाला लीग मिळाली असती आणि ते त्यांना सहन होणारं नव्हतं. इंटर दोनदा पुढं गेला आणि ४-२ नं हरला. लाझिओचा तिसरा गोल सिमिओनेचा. व्हिएरीच्या बदल्यात दिलेला तोच. उत्तरार्धात कूपरनी रोनाल्डोला काढून मोहम्मद कालोनला उतरवलं, आणि बाकावर बसून तोंड झाकून रडणारा रोनाल्डो कॅमेऱ्यांनी जगाला दाखवला. कालोन त्या वेळी मैदानात धावत होता. त्याच्याकडं कॅमेरा वळला असेल तो चेंडू आला तेवढ्यापुरता.

त्यानंतर आठ आठवड्यांनी, ३० जूनला रविवारी, आपल्याकडं दुपारचे साडेचार झाले असताना योकोहामात विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला. कोल्हापुरात पावसाची झड लागलेली, पेठेपेठेतले ब्राझीलचे झेंडे भिजून काठीला चिकटलेले. तालमीच्या खोलीत एक टीव्ही आणि खोलीत मावतील त्याच्या दुप्पट माणसं. रोनाल्डोनं कपाळावर केसांचा तो विचित्र त्रिकोण ठेवला होता. जर्मनीचा ऑलिव्हर कान, ज्याच्या हातून तोवर फारसं काही सुटलं नव्हतं, त्याच्या हातून चेंडू सुटला आणि रोनाल्डो तिथं होता. मग दुसरा. स्पर्धेत आठ गोल. खोलीत काय गोंधळ झाला तो सांगत बसत नाही. मामा मागच्या भिंतीला टेकून उभा होता. "बरा झाला बघ," एवढंच म्हणाला, जसं काही पेठेतल्याच कुणाबद्दल.

कोणासाठी बरा झाला, हा प्रश्न मिलानमध्ये विचारला गेला. जवळपास तीन वर्षांच्या आतबाहेरीनंतर, दोन शस्त्रक्रियांचा आणि रिकाम्या मोसमाचा पगार इंटरनं भरल्यावर, रोनाल्डोला आता कूपरांच्या हाताखाली खेळायचं नव्हतं. मोरातींनी कूपरना ठेवलं. ३१ ऑगस्टला, व्यवहार बंद व्हायच्या शेवटच्या दिवशी, रोनाल्डो रेयाल माद्रिदचा झाला. इंटरकडून त्याची बेरीज ९९ सामने आणि ५९ गोल, पाच वर्षांत. लीग एकही नाही. इटलीची लीग त्यानं कधीच जिंकली नाही, नंतर एसी मिलानकडून खेळायला आला तेव्हाही नाही. माद्रिदला पहिल्याच सामन्यात उतरल्याबरोबर दोन गोल, वर्षाअखेर सर्वोत्तम खेळाडूचा मान. इंटरच्या चाहत्यांनी त्याला कृतघ्न म्हटलं आणि २००७ मध्ये तो शेजाऱ्यांच्या शर्टात डर्बी खेळायला आला तेव्हा शिट्ट्यांनी त्याचे कान बधिर केले.

मला त्या शिट्ट्या समजतात, पण पटत नाहीत. मोराती थांबले ते स्वतःच्या हौसेसाठी, वडिलांच्या आठवणीसाठी, आणि मोडका रोनाल्डो कुणी विकतही घेतला नसता म्हणून. त्याची परतफेड गुडघ्याकडं कशी मागायची? गुडघा भरतो तेव्हा करार वाचून भरत नाही. बार्सिलोनानं उस्मान डेम्बेलेसाठी २०१७ मध्ये १०.५ कोटी युरो मोजले, मांडीचे स्नायू फाटण्याची त्याची वर्षं काढली आणि २०२३ मध्ये ५ कोटींना त्याला पॅरिसला जाऊ दिलं. २०२५ मध्ये तो युरोप जिंकून सर्वोत्तम खेळाडू ठरला. बार्सिलोना चुकली असं म्हणणारे तेव्हा, ठेवा असं म्हणणाऱ्यांना वेड्यात काढत होते. दुखावलेल्या खेळाडूबाबत शहाणपणाचा निर्णय असा नसतोच. नशीब उघडं पडल्यावर त्याला शहाणपण म्हणतात. माझी तक्रार असलीच तर वेगळी आहे. आठवण ठेवताना आपण दोनच बाजू धरतो, थांबणारा मालक आणि परतणारा नायक. कीनला वीस वर्षांच्या वयात परक्या शहरात आणून चार-पाच महिन्यांत परत धाडलं, सिमिओनेला सुट्ट्या पैशांसारखं देऊन टाकलं, त्यांनी कुणाला कृतघ्न म्हणायचं?

ज्या दिवशी रोनाल्डो गेला त्याच दिवशी त्याच्या जागेसाठी लाझिओकडून एर्नान क्रेस्पो आला. मोसम चांगला सुरू झाला, आणि जानेवारीत क्रेस्पो जायबंदी होऊन काही महिने बाहेर बसला. व्हिएरीनं लीगमध्ये २३ सामन्यांत २४ गोल केले आणि चॅम्पियन्स लीगची उपांत्य फेरी आली, एसी मिलानशीच, तेव्हा त्याचा गुडघा दुखावला. क्रेस्पो नुकताच परतला होता. पहिला सामना गोलशून्य. १३ मे २००३ च्या दुसऱ्या सामन्यात मिलानचा शेवचेंको, मग बदली म्हणून आलेल्या अठरा वर्षांच्या ओबाफेमी मार्टिन्सनं बरोबरी केली, आणि अगदी शेवटी चेंडू कालोनच्या पायात आला, तोही बदलीच. समोर फक्त गोलरक्षक आब्बियाती. कालोननं मारला. आब्बियातीच्या गुडघ्याला लागून चेंडू बाहेर गेला. १-१. दोन्ही सामने एकाच सान सिरोवर झाले होते, पण कागदावर त्या रात्रीचं मैदान इंटरचं होतं, म्हणून मिलानचा गोल परक्या मैदानावरचा धरला गेला, तेव्हाच्या नियमाप्रमाणे तो जड ठरला आणि अंतिम फेरीत मिलान गेलं. त्याच उन्हाळ्यात क्रेस्पोला चेल्सीला विकलं.